चित्र यंत्राचे, हात माणसाचा, हक्क कोणाचा?

नगरजवळच्या भिंगारच्या बाजारपेठेतल्या एखाद्या फ्लेक्सच्या दुकानात गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तासभर बसले, की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मंडळाची चार पोरे येतात आणि मोबाइल पुढे करतात. पडद्यावर गणपतीचे झगझगीत चित्र असते. दोन ओळी लिहून एआयकडून काढून घेतलेले. डिझायनर ते संगणकावर घेतो, मोठे करून पाहतो. एका हाताला सहा बोटे आहेत, मोदकांचे ताट अधांतरी आहे, मागच्या कमानीवरची अक्षरे देवनागरीसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत. तो जादा बोट खोडतो, ताटाखाली हात आणतो, कमान पुसून नव्याने बसवतो. मग मंडळाचे नाव, अध्यक्ष, उपाध्यक्ष, शुभेच्छुकांची ओळ, कार्यकर्त्यांचे फोटो. हे सगळे झाल्यावर बिलावरून वाद होतो : "चित्र तर आम्हीच आणलं, मग डिझाइनचे पैसे कसले?"

पोरांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण कल्पना त्यांची होती. डिझायनरचेही बरोबर आहे, कारण चित्र लावण्याजोगे त्याने केले. आणि ज्या असंख्य चित्रकारांची चित्रे पाहून यंत्र गणपती काढायला शिकले, त्यांच्यापैकी कोणीच त्या काउंटरवर नसतो. जनरेटिव्ह एआय आणि निर्मितीचा हक्क या विषयावर गेल्या तीन-चार वर्षांत जगभर जे वाद झाले, ते या तीन बाजूंभोवतीच फिरतात. यंत्राला शिकवायला वापरलेल्या कामाचे काय? यंत्रातून निघालेल्या कामाचा मालक कोण? आणि माणसाचा आवाज, चेहरा, शैली उचलली गेली तर दाद कुठे मागायची? हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की चर्चा भरकटते. म्हणून ते वेगवेगळे घेतो.

नाव, नक्कल आणि परंपरा

निर्मितीला नाव लावायचे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि नगर जिल्ह्यात त्याचे ठळक दाखले आहेत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशात सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मूळ गीता व्यासांची, निरूपण ज्ञानदेवांचे, लेखणी तिसऱ्याची. पुढे नकला होत गेल्या, पाठात भर पडत गेली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. आजचा कायदा ज्याला कृतीची अखंडता म्हणतो, त्याचा इतका स्पष्ट उच्चार मराठीत त्याआधी क्वचितच झाला असेल.

दुसरीकडे संतांच्या नाममुद्रेचा अनुभव उलटा आहे. अभंगाच्या शेवटी नाव गुंफण्याची रीत होती, म्हणून त्याच नावाने इतरांनी रचना केल्या. नामदेवांचे कोणते अभंग आणि विष्णुदास नामा यांचे कोणते, हे सोडवण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतींनी १७६२ साली 'भक्तिविजय' लिहिला, तेव्हा त्यांनी नाभाजींसारख्या आधीच्या चरित्रकारांचे ऋण ग्रंथातच मान्य केले. संकलन करणाऱ्याने आधार सांगावा, हा संकेत त्या काळीही होता.

कलावंताचे नावच न उरल्याचे उदाहरण तर निजामशाहीच्या राजधानीतलेच, म्हणजे नगरचेच आहे. हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर 'तारीफ-ए-हुसेनशाही' या फारसी काव्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत ती गणली जाते. कवीचे नाव आफताबी, ते आपल्याला माहीत आहे. चित्रे काढणाऱ्यांचे माहीत नाही. त्यातल्या बहुतेक चित्रांतली राणीची आकृती नंतर कोणीतरी रंग फासून झाकली. नाव नसणे आणि नंतर केलेली छेडछाड, दोन्ही एकाच पोथीत सापडतात.

शैलीच्या नकलेबद्दल मराठीतला सर्वांत बोलका दाखला 'संत तुकाराम' या १९३६ च्या प्रभातच्या चित्रपटाचा. त्यातले बीज आणि वृक्षाच्या रूपकाचे गीत शांताराम आठवले यांनी लिहिले, पण ते इतके तुकोबांसारखे उतरले की पुष्कळांनी ते गाथेतलेच मानले. कोणाची फसवणूक झाली असे तेव्हा कोणी म्हटले नाही, कारण आठवल्यांचे नाव श्रेयनामावलीत होते आणि गाथा त्यांनी मुरवून घेतली होती. यंत्राबद्दल आज नेमक्या याच दोन गोष्टी विचारल्या जात आहेत : श्रेय कुठे लिहिले, आणि मुरवून घेणे म्हणजे काय?

कायद्याची चौकट

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. तो कल्पनेला संरक्षण देत नाही, अभिव्यक्तीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात हे पक्के केले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. म्हणजे नगरमध्ये राहिलेले रेव्हरंड टिळक (निधन १९१९), लक्ष्मीबाई टिळक (निधन १९३६) आणि त्यांच्या घरी राहिलेले बालकवी (निधन १९१८) यांचे साहित्य आज सर्वांसाठी खुले आहे. अत्रे किंवा गदिमा यांचे नाही. नोंदणी सक्तीची नाही, काम तयार झाले की हक्क आपोआप जन्मतो. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही स्वतःचे नाव सांगण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो.

भिंगारच्या बिलाशी थेट संबंध असलेले एक कलमही आहे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा किंवा छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. फ्लेक्सच्या दुकानात लेखी करार नसतोच.

पहिला वाद : यंत्राची शिकवणी

ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आले, तेव्हापासून हा वाद पेटला. ही यंत्रे प्रचंड प्रमाणात मजकूर आणि चित्रे वाचून त्यांतल्या रचनेचे गणित शिकतात. त्यासाठी साहित्याची प्रत करावी लागते. प्रत करणे हा मालकाचा हक्क. मग परवानगी घ्यायला नको का?

कंपन्यांची बाजू अशी, की माणूसही वाचूनच शिकतो, यंत्र पुस्तक साठवत नाही तर त्यातले नमुने शिकते, आणि प्रत्येक पानाची परवानगी घेणे अशक्य आहे. याला जोडून येणारा मुद्दा मराठीसाठी महत्त्वाचा आहे : छोट्या भाषांचे साहित्य शिकवणीत आले नाही, तर यंत्रांना ती भाषा नीट येणारच नाही. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठी मजकुराचे संच आणि मॉडेल खुली केली, ती याच गरजेतून. निर्माते म्हणतात, वाचक निदान पुस्तक विकत घेतो किंवा ग्रंथालयाची वर्गणी भरतो. यंत्राला चोरीच्या संकेतस्थळांवरची पुस्तके फुकट खाऊ घातली गेली, आणि तेच यंत्र आता लेखकाच्या बाजारात उतरले आहे. निर्मात्यांच्या हक्कसंस्थांचा जागतिक महासंघ असलेल्या सिसॅकने डिसेंबर २०२४ मध्ये अंदाज दिला, की २०२८ पर्यंत संगीतकार-गीतकारांचे २४ टक्के उत्पन्न धोक्यात येईल. तो हितसंबंधी संघटनेचा अंदाज आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावा.

न्यायालयांचे कौल एका दिशेचे नाहीत. अमेरिकेत अँथ्रॉपिक कंपनीविरुद्धच्या लेखकांच्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायाधीशांनी शिकवणीला रास्त वापर म्हटले, पण चोरीच्या पुस्तकांचा साठा करणे रास्त धरले नाही. पुढे कंपनीने दीड अब्ज डॉलरची, म्हणजे एका पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलरची तडजोड केली. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये गाण्यांचे शब्द यंत्रात साठून राहतात असे मानून ओपनएआयविरुद्ध निर्णय दिला. जपानने २०१८ च्या दुरुस्तीने शिकवणीला बरीच मोकळीक दिली, युरोपने मालकाला नकार नोंदवण्याची सोय ठेवली.

भारतात एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रकाशकांचा आणि संगीत कंपन्यांचा संघही त्यात उतरला. न्यायालयाच्या मदतीसाठी नेमलेल्या दोन तज्ज्ञांची मतेच एकमेकांपासून वेगळी पडली, यावरून प्रश्न किती मोकळा आहे ते कळते.

सरकारची भूमिकाही सरकत गेली. संसदेच्या वाणिज्य स्थायी समितीने २०२१ मध्येच कायद्याचा फेरविचार सुचवला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेत उत्तर आले, की सध्याचा कायदा पुरेसा आहे. एप्रिल २०२५ मध्ये उद्योग संवर्धन विभागाने समिती नेमली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या कार्यपत्राचा पहिला भाग आला. त्यातला प्रस्ताव थोडक्यात असा : कायदेशीर मार्गाने मिळवलेले कोणतेही साहित्य शिकवणीला वापरण्याचा परवाना सर्व कंपन्यांना आपोआप मिळेल, निर्मात्याला नकार देता येणार नाही, मात्र यंत्रापासून कमाई सुरू झाली की कंपनीने उत्पन्नातला ठरावीक वाटा एका मध्यवर्ती संस्थेकडे भरायचा आणि तिने तो निर्मात्यांना वाटायचा. आयटी कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमने याला विरोध नोंदवला. तिला शिकवणीसाठी सवलत आणि नकाराची सोय हवी आहे.

मला या प्रस्तावात छोट्या निर्मात्यासाठी एक खरी आशा दिसते, कारण नगरचा कवी एकट्याने कोणत्याही कंपनीशी वाटाघाट करू शकत नाही. पण वाटपाचे काय? २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क मिळाला, तो जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी संसदेत आणि बाहेर लावून धरला म्हणून. सर्वसाधारण मराठी लेखक, चित्रकार, लघुनियतकालिकांचे संपादक कोणत्याही हक्कसंस्थेचे सभासद नाहीत. पैसा गोळा झाला तरी त्यांची नावे यादीत कोण घालणार, हे अनुत्तरित आहे.

आणखी एक गुंता प्रकाशक आणि लेखक यांच्यातला. २०१२ च्याच दुरुस्तीने कलम १८ मध्ये असे घातले, की करार झाला तेव्हा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा हक्क, करारात स्पष्ट लिहिला नसेल, तर हस्तांतरित होत नाही. मग जुन्या करारांनी प्रकाशकाकडे गेलेल्या मराठी पुस्तकांच्या यंत्र-शिकवणीचा हक्क लेखकाकडेच उरला, असे म्हणायला जागा आहे. पण शिकवणी हे 'माध्यम' आहे का, यावर युक्तिवाद होणार.

दुसरा वाद : निघालेल्या कामाचा मालक

आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेली एक व्याख्या आहे : संगणकाने तयार केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती. तेव्हा आजची यंत्रे कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. घडवून आणणारा म्हणजे दोन ओळी लिहिणारा मंडळाचा कार्यकर्ता, यंत्र बनवणारी कंपनी, की बोट दुरुस्त करणारा डिझायनर?

अंकित साहनी यांच्या 'सूर्यास्त' या चित्राची कथा इथे उपयोगी आहे. त्यांनी स्वतः काढलेल्या सूर्यास्ताच्या फोटोवर 'राघव' या एआय साधनाने व्हॅन गॉगच्या शैलीचे संस्कार केले. भारताच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२० मध्ये राघवला सहलेखक मानून नोंदणी केली आणि पुढच्या वर्षी ती मागे घेण्याची नोटीस पाठवली. अमेरिकेच्या कार्यालयाने डिसेंबर २०२३ मध्ये त्याच चित्राला नकार दिला. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये थेलर खटल्यात लेखक माणूसच असला पाहिजे असे सांगितले. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाच्या मते नुसत्या सूचना लिहिल्याने लेखकपण येत नाही, पण माणसाने केलेली निवड, मांडणी, बदल यांना संरक्षण मिळू शकते. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचनांवर बारकाईने मेहनत घेणाऱ्याला चित्राचा हक्क दिला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी खटल्यात नुसती मेहनत पुरेशी नाही, थोडीतरी सर्जनशीलता हवी, अशी कसोटी लावली आहे. ती लावली, तर माझ्या समजुतीप्रमाणे भिंगारच्या फ्लेक्सवर यंत्राने काढलेल्या गणपतीपेक्षा डिझायनरने केलेल्या मांडणीचा दावा मजबूत ठरतो. अर्थात पैसे देणाऱ्याचा हक्क वर सांगितलाच आहे. यावर थेट निकाल आलेला नाही.

तिसरा वाद : आवाज, चेहरा, शैली

इथे मुंबई उच्च न्यायालय सर्वांत पुढे गेले आहे. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या याचिकेवर न्यायालयाने अंतरिम मनाई दिली. परवानगीशिवाय कोणाचाही आवाज प्रसिद्ध गायकाच्या आवाजात बदलून देणारे साधन उपलब्ध करणे, हेच व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचे उल्लंघन, अशी ही भूमिका आहे. आशाबाईंच्या प्रकरणाचे मोल मोठे. एका गळ्याने अनेक दशके कमावलेली ओळख काही मिनिटांत कोणालाही वापरता येणे, यातला अन्याय समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

पण या हक्काला स्वतंत्र कायदा नाही. तो निकालांतून उभा राहिला आहे. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा हक्क व्यक्तीबरोबर संपतो असे म्हटले. मग दिवंगत गायकांच्या आवाजाचे काय? ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' मधल्या गाण्यासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले, तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला. तो त्यांच्या विवेकाचा भाग होता, कायद्याच्या सक्तीचा नव्हे. शिवाय ही दाद नामवंतांना परवडते. तमाशातल्या गायिकेचा किंवा गावोगाव फिरणाऱ्या शाहिराचा आवाज उचलला गेला, तर त्यांनी मुंबईला वकील कसा लावायचा?

'रांझणा' या हिंदी चित्रपटाचा शेवट एआयने बदलून तमिळ आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये पडद्यावर आली, तेव्हा दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष यांनी जाहीर निषेध केला. आपल्या कायद्यात चित्रपटाचा लेखक निर्माता असतो, दिग्दर्शक नाही. त्यामुळे कलम ५७ चे कवच दिग्दर्शकाला मिळते का, हे धूसर राहते.

शैलीची गोष्ट आणखी अवघड. मार्च २०२५ मध्ये घरोघरच्या फोटोंची जपानच्या घिब्ली स्टुडिओच्या धाटणीतली रूपे व्हॉट्सॲपवर फिरली; शैलीला कॉपीराइट नसल्याने त्यात सरळ भंग दाखवता येत नाही. आपल्याकडे वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी ती जगभर नेली, पण ती एका माणसाची नाही, समाजाची आहे. मानांकन नावाला आणि मालाला जपते. यंत्राने काढलेली त्रिकोणी माणसे 'वारली' न म्हणता विकली, तर ते फारसे काही करू शकत नाही. सामूहिक कलेचा मोबदला कोणाच्या खात्यात जाईल, हेही कार्यपत्राच्या चौकटीत सहज बसत नाही.

निर्मितीक्षमतेचे काय होते?

हक्कांपेक्षा खोल प्रश्न हा आहे. आशावादी बाजूला वजन आहे. एकांकिका स्पर्धांची सवय असलेल्या नगरमध्ये तुटपुंज्या पैशांत नाटक बसवणाऱ्या मुलांना पार्श्वसंगीत, पोस्टर, नेपथ्याचे कच्चे आराखडे आज तासाभरात मिळतात. इंग्रजी न येणाऱ्यालाही जगभरचे संदर्भ खुले होतात. सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या डोशी आणि हाउझर यांच्या प्रयोगात एआयच्या कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या कथा वाचकांना अधिक सर्जनशील वाटल्या, आणि मुळात कमी सर्जनशील असलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. पण त्याच प्रयोगात अशा कथा एकमेकींसारख्या होत गेल्या. एकट्याचा लाभ, सर्वांचा तोटा.

मराठीच्या बाबतीत हे मला सर्वांत काळजीचे वाटते. यंत्राचे मराठी आज शुद्ध असते, पण बरेचदा इंग्रजीच्या सांगाड्यावर बेतलेले. त्यात नगरी बोलीचा ठसका नाही, वऱ्हाडीची लय नाही. अशा मजकुराचा पूर आला आणि पुढची यंत्रे त्यावरच शिकली, तर बोलींची जागा आणखी आक्रसेल.

शिकण्याच्या वाटेचा प्रश्नही आहे. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात नावाजले गेलेले बालकवी पुढे काही काळ टिळकांच्या नगरच्या घरात राहिले. ते घर कसे होते, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचायला मिळते. कवी अशा सहवासात, फुटकळ कामांत, चुकत घडतो. फ्लेक्सच्या दुकानात शिकाऊ पोरगाही बॉर्डर जुळवत, फोटो कापत डिझायनर होतो. ही खालची कामे यंत्राने घेतली, तर वरच्या पायरीवर पोचणारे कुठून येणार? याच बाजारात कापडी फलक रंगवणारे पेंटर फ्लेक्सने बाजूला सारले होते, आणि त्यांच्यातले काही माउस हाती घेऊन याच दुकानांत आले. त्यांना शिरायला नवी जागा तरी होती. या वेळी ती आहे का, हे सांगण्याइतका अनुभव अजून जमा झालेला नाही. हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून यंत्राला लेखक म्हणून श्रेय मिळणार नाही अशी अट करारात घालून घेतली, कारण त्यांची संघटना होती. मराठी पटकथा आणि मालिका लिहिणाऱ्यांकडे तेवढे बळ आज नाही.

पुढे

हा आढावा लिहिताना दिल्लीतल्या दाव्याचा अंतिम निकाल यायचा आहे आणि कार्यपत्रातला प्रस्ताव कायदा झालेला नाही. म्हणजे चौकट ठरण्याआधी बोलण्याची संधी आहे. साहित्य महामंडळ, प्रकाशक परिषद, नाट्य परिषद आणि लोककलावंतांच्या संघटना यांनी मिळून मराठी निर्मात्यांची नोंदवही तयार करण्याचे काम हाती घ्यावे. रॉयल्टीची पद्धत कोणतीही ठरली तरी नावाशिवाय पैसा पोचणार नाही. आणि प्रत्येक लेखकाने, चित्रकाराने, गायकाने दोन गोष्टी आजपासूनच कराव्यात. आपल्या कामाचे कच्चे खर्डे तारखेसह जपावेत, आणि पुढच्या करारावर सही करण्याआधी त्यात यंत्राला शिकवण्याचा हक्क कोणाकडे जातो हे वाचावे. तसा उल्लेख नसेल, तर तो लिहून मागावा.